तिरफळ चवीला लागत नाही, ते थरथरतं

यंदा चतुर्थीला पुण्याहून आलेल्या वहिनींनी खतखत्यातलं, म्हणजे आमच्या मिश्र भाजीतलं, तिरफळ मसाल्याची वेलची समजून चावलं. दोन मिनिटांनी घाबरून म्हणाल्या, "भाऊजी, माझे ओठ थरथरतायत का हो?" ओठ अगदी स्थिर होते. तरीही वहिनींचं म्हणणं बरोबरच होतं, आणि ते का, हे सांगायला मला फार आवडतं.

आधी नावाचा घोळ. तिरफळ म्हणजे त्रिफळा नव्हे. त्रिफळा चूर्ण हिरडा, बेहडा आणि आवळा यांचं. आमचं तिरफळ, कोकणीतलं तेफळ, हे झँथॉक्झिलम ऱ्हेट्सा या काटेरी खोडाच्या झाडाचं फळ. लिंबू, बेल आणि कढीपत्ता हे त्याचे कुळबंधू, म्हणून वासात ती लिंबाच्या सालीची झाक. पावसाळ्यात बाजारात हिरवे घोस येतात. वाळलं की फळ उकलतं, आतून काळी चकचकीत बी डोकावते. आई बी काढून टाकते आणि फक्त टरफल ठेवते. तिचं बरोबर आहे, कारण सगळी करामत टरफलात असते, बी नुसती दाताखाली कचकचते.

आता मुख्य गैरसमज: तिरफळ तिखट असतं. नाही. खरं तर तिखट हीसुद्धा चव नाही. आपल्या षड्रसांपैकी गोड, आंबट, खारट, कडू या जिभेवरच्या रुचिकलिकांनी ओळखलेल्या चवी. तुरटपणा हा बहुतांशी स्पर्श, आणि तिखटपणा म्हणजे भाजल्याची वेदना. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवतं. ते प्रथिन १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. मिरची मेंदूला 'भाजलं' असं सांगते. तिरफळ सांगतं, 'काहीतरी हलतंय'.

झँथॉक्झिलम प्रजातीतल्या झिणझिण्या आणणाऱ्या रसायनांना सॅन्शूल म्हणतात. हे नाव सान्शो या जपानी मसाल्यावरून आलं. सॅन्शूल काय करतं हे समजायला मज्जापेशीत शिरावं लागेल. पेशी स्वस्थ असताना तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हे मुख्यतः पोटॅशियममुळे. पेशीत पोटॅशियमचे आयन दाटीने भरलेले असतात. पेशीभोवतीच्या पटलातली काही बारीक दारं कायम किलकिली असतात, त्यांतून ते थोडेथोडे बाहेर झिरपतात आणि जाताना आपला धनभार घेऊन जातात. सॅन्शूल नेमकी हीच दारं लावून घेतं. २००८ साली डायना बौटिस्टा आणि सहकाऱ्यांनी ती दारं ओळखली: केसीएनके कुटुंबातले ३, ९ आणि १८ क्रमांकाचे पोटॅशियम मार्ग. झिरपणं थांबलं की धनभार आत साचतो, ऋणता घटते, आणि एका उंबरठ्यापलीकडे गेली की पेशी विद्युत्संदेश सोडते. ओठाला कुणी हातही लावलेला नसतो, पण स्पर्शाची तार मात्र वाजते.

कोणती तार, हे २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या नोबुहिरो हागुरा आणि सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांनी तिरफळाच्या चिनी भावंडाची, सिचुआन मिरीची पूड स्वयंसेवकांच्या ओठाला लावली आणि बोटावर कंप देणारं यंत्र ठेवलं. ओठातली थरथर बोटातल्या कंपापेक्षा जलद की संथ, एवढंच विचारायचं. उत्तरं येऊन थांबली सेकंदाला सुमारे ५० कंपनांवर. त्वचेतल्या हलका, फडफडता कंप टिपणाऱ्या मज्जातंतूंचा हाच पट्टा. मग त्यांनी ओठाला आधी बराच वेळ खराखुरा कंप दिला. ते तंतू थकले आणि झिणझिणीही मंदावली. मला या प्रयोगातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. झिणझिणी आणि कंप एकाच वाटेने मेंदूकडे जातात, हे त्यातून दिसलं. घरच्या विजेची आवर्तनंही सेकंदाला ५०च, पण तो निव्वळ योगायोग.

चिनी लोकांनी या संवेदनेला 'मा' असं स्वतंत्र नाव दिलं आणि तिखटाला 'ला'. दोन्ही मिळून 'माला'. आपल्याकडे चुणचुण, झिणझिण्या, मुंग्या असे शब्द भरपूर, पण ते आपण पायासाठी राखून ठेवले, जेवणासाठी वापरले नाहीत.

तिरफळाने जीभ चुणचुणली म्हणजे 'रक्त शुद्ध होतंय', असे संदेश हल्ली फिरतात. त्यावर विश्वास ठेवू नका. चुणचुण हा मज्जातंतूतला संदेश आहे, रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. तिरफळ खावं ते वासासाठी आणि त्या थरथरीसाठी.

दुसऱ्या दिवशी वहिनी चुलीपाशीच उभ्या होत्या. बांगड्याच्या हुमणाला उकळी आल्यावर आईने आठ-दहा टरफलं जरा ठेचून अगदी शेवटी टाकली आणि लगेच झाकण ठेवलं. वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. वहिनींनी विचारलं, "वाटणातच का नाही वाटत?" आई म्हणाली, "वाटलं की आमटी कडवट होते गो." जेवताना वहिनींनी एक टरफल मुद्दाम शोधून चावलं आणि डोळे मिटून बसल्या.