माहिती बोलावू नका, तपासनीस पाठवा

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. अशा ठिकाणांना जोडणारं नेटवर्क धडधाकट आहे ना, हे बघायची रूढ पद्धत म्हणजे एसएनएमपी, १९८८ सालचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत. कंट्रोल रूममधला सर्व्हर प्रत्येक राउटरला (नेटवर्कमधली माहिती पुढे धाडणाऱ्या यंत्राला), समजा दर पाच मिनिटांनी, विचारतो: किती बाइट गेले, किती चुका झाल्या? हजार राउटर आणि प्रत्येकी पन्नास आकडे धरले, तर एका फेरीला पन्नास हजार उत्तरं. त्यातली बहुतेक ‘सगळं ठीक’ याच अर्थाची.

खरी गोम मधल्या पाच मिनिटांत आहे. राउटरमधला बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा. साधारण ४२९ कोटी बाइट मोजले की स्कूटरच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर हे ३४ सेकंदांतच होतं. मग पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला तो कितीदा फिरला हे कळणार कसं? पुढे ६४ बिटांचे काउंटर आले, पण लांबून हालहवाल विचारण्यातली अडचण राहिलीच.

नव्वदच्या दशकात संशोधकांनी गणित उलटं मांडलं. आकडे केंद्रात आणण्याऐवजी छोटा प्रोग्रॅमच राउटरवर धाडायचा. आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतले जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतले ‘अ‍ॅग्लेट’ याच जातीचे. असा फिरता एजंट तिथेच मोजमाप करतो, निष्कर्ष सोबत घेऊन पुढच्या यंत्रावर जातो आणि शेवटी एकच ओळ आणतो: वागळे इस्टेटच्या राउटरच्या अमुक पोर्टवर (केबल जोडायच्या जागी) चुका वाढल्यात. पावसाळ्याआधी रस्ते खणताना जेसीबीने फायबर तोडली, की केंद्राची विचारपूस बंद पडते. तुटलेल्या जागेपलीकडे आधीच पोचलेल्या एजंटचं काम मात्र चालू राहतं. मला ही खुबी बँडविड्थच्या बचतीहून मोठी वाटते.

तरीही कल्पना रुजली नाही. परका प्रोग्रॅम आपल्या राउटरवर कोण चालू देईल? त्यावर डिजिटल सहीचा उतारा आहे. उलटी बाजू जास्त अवघड: एजंट ज्या यंत्राच्या मेमरीत चालतो, ते यंत्रच लबाड असेल तर एजंटजवळचे आकडे वाचू-बदलू शकतं. शिवाय प्रत्येक कंपनीच्या राउटरवर एजंटसाठी सारखीच व्यवस्था हवी, ती कोण करणार?

आता बरेच राउटर विचारायची वाट न बघता स्वतःच आकडे पाठवत राहतात, काहींवर छोटे प्रोग्रॅमही चालतात. पण ते एका जागी बसून. गावभर फिरायची मुभा त्यांना सहसा कोणी देत नाही.