उणे 162 अंशांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था

1971 साली शेल कंपनीने कतारच्या ईशान्येकडील समुद्रात विहीर खोदली ती तेलाच्या शोधात, पण हाती लागला तो वायू. पर्शियन आखाताच्या तळाखाली, सुमारे तीन किलोमीटर खोलीवरच्या चुनखडीसारख्या सच्छिद्र खडकांत तो साठलेला होता. त्याची व्याप्ती पुढे हळूहळू स्पष्ट होत गेली. सुमारे 9,700 चौरस किलोमीटरवर पसरलेला हा जगातील सर्वात मोठा नैसर्गिक वायुसाठा असून त्यातील जवळपास 6,000 चौरस किलोमीटर कतारच्या हद्दीत येतात, तर उरलेला भाग इराणच्या हद्दीत आहे. कतारच्या बाजूला त्याला नॉर्थ फील्ड म्हणतात, इराणच्या बाजूला साउथ पार्स. त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या या लहानशा देशाला मात्र या शोधाचा लगेच काहीच उपयोग झाला नाही. नॉर्थ फील्डमधून पहिला वायू काढला गेला तो 1991 मध्ये, आणि तोही देशातल्या वापरापुरताच.

वीस वर्षे इतके मोठे धन पडून राहिले, याचे कारण वायूच्या भौतिक स्वभावात आहे. साध्या दाबाला एक घनमीटर नैसर्गिक वायूत जेवढी ऊर्जा असते, साधारण तेवढीच एक लिटर डिझेलमध्ये असते. म्हणजे तेल पिंपात किंवा टँकरमध्ये भरून जगात कुठेही नेता येते, पण तेवढ्याच ऊर्जेचा वायू न्यायचा तर हजारपट जागा लागते. जमिनीवरून वाहिनी टाकणे हा एक मार्ग असतो, पण कतारच्या शेजाऱ्यांकडे स्वतःचे तेल आणि वायू होते आणि ज्यांना वायू हवा होता ते जपान आणि कोरिया समुद्रापार फार दूर होते. त्यामुळे कतारची आजची श्रीमंती जमिनीखालच्या साठ्यातून आपोआप आली, असे मानणे मला अपुरे वाटते. ती आली वायू थंड करण्याच्या तंत्रातून आणि त्या तंत्रावर पैसे लावायला ग्राहकांना तयार करणाऱ्या दीर्घ मुदतीच्या करारांतून.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन हा साध्या दाबाला उणे 162 अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे 600 पटींनी घटते. हाच द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी. ऐकायला सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात अत्यंत नाजूक आहे. समुद्रातून रास लफान येथील किनाऱ्यावर येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि पाऱ्याचा अंश असतो. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्या थंडीत गोठून नळ्या बंद पाडतील आणि पारा अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना पोखरेल, म्हणून आधी अमाइन या रसायनाच्या द्रावणाने हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड हे आम्लधर्मी वायू धुऊन काढतात, मग पाणी शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या थरांतून वायू नेतात आणि पाराही वेगळा करतात. त्यानंतर हा वायू टप्प्याटप्प्याने थंड केला जातो. कतारच्या सर्वात मोठ्या उत्पादन साखळ्यांत, ज्यांना या धंद्यात ‘ट्रेन’ म्हणतात, आधी प्रोपेन, मग निरनिराळ्या शीतकांचे, म्हणजे उष्णता शोषून घेणाऱ्या द्रव्यांचे मिश्रण आणि शेवटी नायट्रोजन अशी तीन शीतनचक्रे लागतात. अशी एकेक ट्रेन वर्षाला 78 लाख टन एलएनजी तयार करते.

या प्रक्रियेत मिळणारी उप-उत्पादने कतारच्या हिशेबात फार महत्त्वाची ठरली. वायूबरोबर कंडेन्सेट नावाचे हलके, पेट्रोलसारखे द्रव वर येते आणि ते तेलाच्या भावाने विकले जाते, त्यामुळे वायू काढण्याचा बराचसा खर्च तिथेच भरून निघतो. हीलियमची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. नॉर्थ फील्डच्या वायूत त्याचे प्रमाण इतके अल्प आहे की केवळ त्याच्यासाठी कोणी विहीर खोदणार नाही. परंतु मिथेन द्रवरूप होतो तेव्हाही हीलियम वायूरूपच राहतो, कारण तो उणे 269 अंशांपर्यंत द्रव होत नाही, आणि म्हणून थंड करण्याच्या कामात तो आपसूक एका जागी गोळा होतो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांच्या चुंबकांना लागणाऱ्या या वायूचा कतार हा जगातील सर्वात मोठ्या पुरवठादारांपैकी एक बनला तो असा.

हे सगळे उभारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि ते एलएनजीचा पहिला थेंब विकला जाण्याआधीच खर्च होतात. 1992 मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमने कतारच्या पहिल्या एलएनजी प्रकल्पातून अंग काढून घेतले आणि त्या जागी मोबिल ही अमेरिकी तेल कंपनी आली. त्याच वर्षी जपानच्या चुबू इलेक्ट्रिक या वीज कंपनीने 25 वर्षे दरसाल 40 लाख टन वायू घेण्याचा करार केला, आणि हा खात्रीचा ग्राहक मिळाल्यामुळेच कर्ज उभे राहू शकले. पहिले जहाज जानेवारी 1997 मध्ये जपानला पोहोचले. 2010 अखेर कतारची वार्षिक क्षमता 7.7 कोटी टनांवर गेली. याच काळात 345 मीटर लांबीची, 2 लाख 66 हजार घनमीटर द्रव वाहणारी जहाजे बांधली गेली. त्यातल्या एका जहाजाच्या खेपेचा पुन्हा वायू केला, तर तो जवळजवळ 16 कोटी घनमीटर भरतो.

या उत्पन्नाने देशाचा कायापालट झाला. 1930 च्या दशकात जपानच्या कृत्रिम मोत्यांमुळे कतारमधला मोती काढण्याचा धंदा बुडाला होता आणि लोक देशोधडीला लागले होते. आज तिथे वेतनावर आयकर नाही, आणि तेल-वायूतून उरलेला पैसा 2005 मध्ये स्थापन झालेल्या सार्वभौम निधीमार्फत, म्हणजे सरकारी गुंतवणूक निधीमार्फत, परदेशी कंपन्यांत आणि मालमत्तांत गुंतवला जातो. मात्र वस्तूंच्या निर्यातीतला चार पंचमांशाहून जास्त वाटा अजूनही तेल, वायू आणि त्यांच्याशी निगडित उत्पादनांचाच आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

करार विक्रेत्यालाही कसा बांधून ठेवतो, हे भारताच्या अनुभवातून दिसते. एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट या भारतीय कंपनीने 1999 मध्ये कतारशी दरसाल 75 लाख टनांपर्यंत जाणारा 25 वर्षांचा करार केला आणि 2004 पासून गुजरातमधल्या दहेजला जहाजे येऊ लागली. दहेजहून वाहिनी उरणपर्यंत येते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा आणि युरियासारख्या खतांच्या उत्पादनाचा या आयातीशी थेट संबंध आहे. या वायूची किंमत जपानच्या आयात तेलाच्या 60 महिन्यांच्या सरासरी भावावर ठरत असे. 2014 नंतर तेल कोसळले, तरी सरासरीत जुने चढे भाव मुरलेले असल्याने वायू महागच राहिला आणि भारताने ठरल्यापेक्षा कमी माल उचलला. करारानुसार कतारला दंड वसूल करता आला असता. पण 2015 च्या शेवटच्या दिवशी त्याने तो माफ केला आणि किंमत ब्रेंट या जागतिक बाजारात प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलाच्या तीन महिन्यांच्या सरासरी भावाशी जोडली, कारण दीर्घ मुदतीचा ग्राहक गमावणे त्या दंडापेक्षा महाग पडले असते. फेब्रुवारी 2024 मध्ये गोव्यात भरलेल्या ऊर्जा परिषदेत हा करार 2028 पासून 2048 पर्यंत वाढवला गेला.

या व्यवस्थेची सर्वात हळवी जागा भूगोलात आहे. कतारमधून निघणाऱ्या एलएनजीच्या प्रत्येक जहाजाला होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागते, दुसरा सागरी मार्गच नाही. शिवाय एलएनजी बेमुदत साठवून ठेवता येत नाही. टाकीला कितीही उष्णतारोधक आवरण घातले तरी त्यातला थोडा अंश रोज उकळून वायू होत राहतो, त्यामुळे जहाजे थांबली की थोड्याच काळात टाक्या भरतात आणि उत्पादन कमी करावे लागते. जून 2017 मध्ये सौदी अरेबियाने सीमा बंद केली, तेव्हा एलएनजीची जहाजे सुरू राहिली, पण ट्रकने संयुक्त अरब अमिरातीच्या बंदरात जाणारा हीलियम अडकला आणि हीलियमचे दोन्ही कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले.

2005 मध्ये कतारने नॉर्थ फील्डमधल्या नव्या प्रकल्पांना स्थगिती दिली होती. एवढ्या वेगाने वायू काढल्याने साठ्यातील दाबावर काय परिणाम होतो ते आधी तपासावे, असा त्यामागचा विचार होता, आणि तो मला या साऱ्या वाटचालीतला सर्वात शहाणपणाचा निर्णय वाटतो. 2017 मध्ये ती स्थगिती उठली आणि त्यानंतर 2030 पर्यंत क्षमता 14.2 कोटी टनांवर नेण्याची योजना जाहीर झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये चीनच्या सिनोपेक या तेल कंपनीने या वाढीव उत्पादनातून दरसाल 40 लाख टन वायू 27 वर्षे घेण्याचे कबूल केले. त्याच खडकातला, त्याच साठ्याचा वायू इराणही काढतो. पण निर्बंधांमुळे द्रवीकरणाचे तंत्र आणि भांडवल त्याच्यापर्यंत पोहोचले नाही, आणि तो वायू मुख्यतः इराणच्या घरांत, वीजकेंद्रांत आणि कारखान्यांत जळतो.