थेमिस्टोक्लीसचे दोन निरोप: हूल कुठली, फितुरीचा संशय कुठे?

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सिस ग्रीसवर चालून आला, तेव्हा अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस याने पर्शियनांकडे गुपचूप दोन निरोप धाडले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या मते दोन्ही वेळी निरोप्याही एकच होता: त्याच्या मुलांना सांभाळणारा सिकिन्नस. म्हणून या दोन निरोपांची फार सरमिसळ होते. मग कुणी थेमिस्टोक्लीसला सरसकट फितूर ठरवतं, तर कुणी दोन्हींना शाबासकी देऊन मोकळं होतं.

पहिला निरोप सालामिसच्या लढाईच्या, म्हणजे अथेन्सजवळच्या सालामिस बेटालगतच्या आरमारी लढाईच्या, आदल्या रात्रीचा. अथेन्स शत्रूच्या हाती पडलं होतं आणि पेलोपोनीसचे (दक्षिण ग्रीसच्या द्वीपकल्पाचे) आरमारप्रमुख कोरिंथच्या संयोगभूमीकडे सटकायच्या बेतात होते. सिकिन्नसने पर्शियन सेनानींना सांगितलं की, माझा धनी मनातून तुमच्या राजाच्या बाजूचा आहे. ग्रीक पळणार आहेत, आत्ताच अडवा. गंमत अशी की ग्रीक पळायला निघाले होते हे खरंच होतं, खोटी होती ती निष्ठा. पर्शियनांनी रातोरात सामुद्रधुनीची तोंडं रोखली, सिट्टालिया बेटावर सैनिक उतरवले. ग्रीकांना लढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही आणि अरुंद पाण्यात पर्शियनांची प्रचंड संख्या त्यांनाच नडली. हे प्रकरण पुढे कुणी दडवलंही नाही. थेमिस्टोक्लीसने सिकिन्नसला श्रीमंत केलं, थेस्पिया या ग्रीक नगराचं नागरिकत्व मिळवून दिलं. इ.स.पू. ४७२ मध्ये तर नाटककार एस्किलसने हीच हूल अथेन्सच्या रंगभूमीवर आणली. याला फितुरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा निरोप विजयानंतरचा, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. हेलेस्पाँटवरचे (युरोप आणि आशियामधल्या सामुद्रधुनीवरचे) होड्या जोडून केलेले पूल तोडून झर्क्सिसची वाट बंद करावी, असं आधी थेमिस्टोक्लीसच म्हणत होता. ग्रीक आरमाराचा सरसेनापती, स्पार्टाचा युरिबिआडीस, याने विरोध केल्यावर त्याने पवित्रा बदलला, अथेन्सवासीयांची समजूत घातली आणि राजाला कळवलं: ग्रीकांना मी थोपवलंय, खुशाल जा. हेरोडोटस म्हणतो, पुढे कधी देश सोडावा लागला तर आसरा असावा म्हणून त्याने हे केलं. नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क याच्या मते हेतू राजाला घाबरवून लवकर पिटाळण्याचा होता, आणि निरोपही एका कैदी खोजाने नेला.

मला हेरोडोटसच्या आरोपावर नंतरच्या घटनांची छाया दिसते. थेमिस्टोक्लीसला अथेन्सने हद्दपार केलं, पुढे स्पार्टाने त्याला आपलाच सेनानी पॉसानिअस याने पर्शियाशी केलेल्या कटात गोवलं आणि तो खरोखरच पर्शियाच्या आश्रयाला गेला. पण संशय साफ झटकताही येत नाही. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो त्याप्रमाणे झर्क्सिसचा मुलगा आणि पुढचा राजा अर्टाझर्क्सिस याला लिहिलेल्या पत्रात त्याने पूल वाचवल्याचं श्रेय घेतलं. हे श्रेय खोटं होतं, असंही थ्युसिडिडीस स्पष्ट म्हणतो. तरी राजाने त्याला आशिया मायनरमधलं मॅग्नेशिया हे शहर दिलं, ज्याचं उत्पन्न वर्षाला ५० टॅलंट (चांदी तोलायचं मोठं माप) होतं. पूल मात्र केव्हाच गेले होते: माघारी निघालेलं पर्शियन सैन्य हेलेस्पाँटला पोचलं तेव्हा वादळाने ते आधीच मोडले होते, आणि सैन्य जहाजांतूनच पलीकडे गेलं.