मनाने वस्तू हलवणे : चमच्यापासून आकड्यांपर्यंत

मनःशक्तीने वस्तू हलवता येते का, असं कोणी विचारलं की डोळ्यांसमोर वाकलेला चमचा येतो, नाहीतर सुईच्या टोकावर फिरणारा कागद. गेल्या पन्नासेक वर्षांत या विषयावर प्रयोगशाळांमध्ये जे मोठं काम झालं, त्यात यांपैकी काहीच नव्हतं. तिथे होती यंत्रातून भराभर बाहेर पडणारी शून्य-एकांची रांग, आणि त्या यंत्रासमोर बसून ‘एक जास्त येऊ देत’ असं मनात धरणारा माणूस. टेलिकायनेसिस, म्हणजे हे मनाने वस्तू हलवणं, खरं की खोटं, यावर आज जो वाद होतो त्यातला निम्मा गोंधळ इथेच आहे. एकजण चमच्याबद्दल बोलत असतो, दुसरा आकड्यांबद्दल, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो.

एकोणिसाव्या शतकातल्या अंधाऱ्या खोलीतल्या बैठका, माध्यमं (मृतात्म्यांशी संपर्क असल्याचं सांगणारी माणसं), आपोआप उचलली जाणारी टेबलं हे सगळं पुष्कळांना ठाऊक आहे, त्यामुळे ते इथे पुन्हा सांगत नाही. त्या काळातला एकच प्रयोग सांगण्याजोगा आहे, कारण पुढच्या सगळ्याची किल्ली त्यात आहे. १८५३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने टेबल फिरवणाऱ्या, म्हणजे नुसते हात टेकून टेबल आपोआप सरकतं असं मानणाऱ्या, मंडळींना बोलावलं. लबाडी करणारी माणसं त्याला नकोच होती, ज्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही अशांनाच त्याने बसवलं. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून त्यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाच्या गोळ्या लावल्या, तो गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वर लोकांनी हात टेकले. टेबल स्वतःहून सरकून हातांना ओढत असेल, तर खालचा पुठ्ठा पुढे आणि वरचे मागे राहायला हवे होते. झालं उलट. वरचा पुठ्ठा सर्वांत जास्त सरकलेला आणि खालचे क्रमाने कमी. म्हणजे आधी हात सरकत होते, मागाहून टेबल. मग फॅरडेने हाताचा दाब बाजूला जाऊ लागला की हलेल असा एक हलका काटा बसवला. काटा लोकांना दिसत नव्हता तोवर टेबल हललं. तो त्यांच्या नजरेसमोर ठेवला आणि टेबल जागेवर थांबलं.

मनातल्या अपेक्षेने स्नायू नकळत हलतात, ही कल्पना एका इंग्रज वैद्याने आदल्याच वर्षी मांडली होती. फॅरडेच्या पुठ्ठ्यांनी ती दाखवून दिली. या प्रयोगात कोणी फसवत नव्हतं आणि कोणी वेडंही नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टेलिकायनेसिसचा अनुभव सांगणाऱ्या माणसाला खोटारडा ठरवायची गरज नसते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. दुर्दैवाने नंतरच्या शंभर वर्षांत दोन्ही बाजू ते विसरल्या.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं माध्यमांना पकडण्यात आणि पुन्हा त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात गेली. खरा बदल झाला तो १९३४ मध्ये. अमेरिकेत डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात अतींद्रिय ज्ञानावर काम करणाऱ्या प्राध्यापकाकडे एक जुगारी आला आणि फासा मनासारखा पाडता येतो असं म्हणाला. तिथून फाशांचे प्रयोग सुरू झाले आणि १९४३ पासून निष्कर्ष छापले जाऊ लागले. यात मोठी सोय होती. आता कोणाला टेबल उचलायचं नव्हतं. हजार फाशांत ठरलेला आकडा योगायोगापेक्षा थोडा जास्त आला तरी पुरे. अडचण मात्र फाशातच होती. ठिपके कोरून केलेल्या फाशाची सहाची बाजू सर्वांत जास्त कोरलेली, म्हणून हलकी असते आणि ती वर येण्याकडे किंचित कल असतो. सुरुवातीच्या प्रयोगांत मोठे आकडेच पाडायचे होते. दोष ध्यानात आल्यावर सगळे आकडे आळीपाळीने घेतले जाऊ लागले, पण पहिल्या निकालांची चमक तोवर उतरली होती.

फाशाची जागा १९६० च्या दशकाच्या शेवटी यंत्राने घेतली. एका विमान कंपनीत काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने किरणोत्सारी स्ट्रॉन्शियमच्या ऱ्हासावर चालणारं यादृच्छिक, म्हणजे आधी सांगता न येणारे, आकडे देणारं यंत्र तयार केलं. अणू केव्हा फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे हलक्या बाजूचा प्रश्नच मिटला. पुढे त्याच्याच एका प्रयोगात दिव्यांचं वर्तुळ होतं. दर वेळी दिवा एक घर उजवीकडे किंवा डावीकडे सरके आणि बसलेल्या माणसाने तो एकाच दिशेला फिरावा असं मनात धरायचं.

इथून गोष्ट अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात येते आणि या लेखाचा बराचसा भाग तिथेच रेंगाळणार आहे. १९७९ साली अभियांत्रिकी शाखेच्या अधिष्ठात्यानेच तळघरात एक प्रयोगशाळा सुरू केली. पैसा खासगी देणगीदारांचा. काम जवळजवळ तीन दशकं चाललं. पद्धत अशी : यंत्र एका फेरीत २०० वेळा नाणं उडवल्यासारखं शून्य किंवा एक काढणार आणि त्यातले ‘एक’ मोजणार. सरासरी १०० यायला हवी. बसलेल्या माणसाने आधीच नोंद करायची की या वेळी आकडा वर न्यायचा आहे, खाली न्यायचा आहे की नुसतं बसायचं आहे. आधी नोंद करायची, ही या प्रयोगशाळेची सर्वांत चांगली सवय होती.

सुमारे १०० माणसं आणि १२ वर्षं, एवढ्या कामाचा आढावा १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर न्यायच्या फेऱ्यांची सरासरी १००.०२६ आणि खाली न्यायच्या फेऱ्यांची ९९.९८४. हा फरक किती हे नीट समजून घ्यायला हवं. एका फेरीत आकडा ९३ ते १०७ मध्ये कुठेही पडणं अगदी नेहमीचं आहे. त्या खळबळीत ०.०२६ शोधायचं म्हणजे दर दहा हजार शून्य-एकांमागे एखाद-दुसरा आपल्या बाजूला वळला, इतकंच. उघड्या डोळ्यांनी हे कधीच दिसणार नाही. प्रत्येक दिशेच्या आठ लाखांहून जास्त फेऱ्या एकत्र केल्या तेव्हा तो फरक योगायोगाच्या हिशेबाबाहेर गेला. टीकाकारांचं म्हणणं होतं की या यशात एकाच व्यक्तीचा वाटा फार मोठा आहे. समर्थकांचं म्हणणं, लहान असला तरी परिणाम आहे, आणि एवढा लहान परिणामसुद्धा भौतिकशास्त्राला हादरवायला पुरेसा आहे. माझ्या मते दोघांचंही म्हणणं त्या वेळी ऐकण्यासारखं होतं.

मग जे व्हायला हवं तेच झालं. प्रिन्स्टनसह जर्मनीतल्या फ्रायबर्ग आणि गीसेन इथल्या दोन गटांनी मिळून तोच प्रयोग, तशाच यंत्रांवर, आधी ठरवलेल्या आराखड्याने पुन्हा करायचं ठरवलं. आकार जवळपास पहिल्याएवढाच. निकष एकच : वर आणि खाली यांच्या सरासरीतला फरक. निकाल २००० साली छापला गेला. फरक तिन्ही ठिकाणी अपेक्षित दिशेला होता, पण आधीच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे योगायोगापासून वेगळा न काढता येण्याजोगा. प्रिन्स्टनच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही तेच झालं.

वादाचा खरा मुद्दा यानंतरचा आहे. त्याच अहवालात लेखकांनी लिहिलं की मुख्य परिणाम मिळाला नसला, तरी आकड्यांच्या आत इतर अनेक विचित्र रचना दिसतात : कुठे आकड्यांची सरासरीभोवतीची पसरण बदललेली, कुठे सत्रांच्या क्रमानुसार चढ-उतार, कुठे यंत्राच्या मांडणीनुसार फरक. तेव्हा परिणाम नाहीसा झालेला नाही, त्याने रूप बदललं आहे, असा त्यांचा सूर होता. अपयश त्यांनी लपवलं नाही आणि स्वतःच्या नावाने छापलं, याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. त्यांचा हा युक्तिवाद मात्र मला मान्य होत नाही. मोठ्या आकड्यांच्या ढिगात पन्नास ठिकाणी शोधलं तर दोन-तीन ठिकाणी काहीतरी विचित्र सापडणारच. योगायोगाचा स्वभावच तो. आधी ठरवलेला निकष हुकल्यावर नवा निकष घ्यायचा असेल, तर तो पुढच्या, अजून न झालेल्या प्रयोगावर लावायला हवा. सापडलेल्या आकड्यांवर तो लावला की कोणताच प्रयोग कधी हरू शकत नाही.

समर्थकांची यावर एक बाजू आहे आणि ती प्रामाणिक आहे. मन हे यंत्र नाही, कंटाळा, ताण, प्रयोगकर्त्याची वृत्ती यांचा परिणाम होणारच, असं ते म्हणतात. असेलही. मग त्या वृत्तीची नोंदही प्रयोगाआधीच झाली पाहिजे.

प्रिन्स्टनची तळघरातली प्रयोगशाळा २००७ मध्ये बंद झाली. त्याआधी एक वर्ष अशा ३८० अभ्यासांचा एकत्रित आढावा एका मानसशास्त्रीय नियतकालिकात आला होता. एकूण परिणाम अतिशय लहान, आणि अभ्यास जितका छोटा तितका परिणाम मोठा. फसलेले छोटे अभ्यास कपाटात राहतात आणि जमलेले छापले जातात तेव्हा नेमकं असंच चित्र उमटतं. आढावा घेणाऱ्यांनी ते संगणकावर करून दाखवलं, त्यावर प्रत्युत्तरंही आली. २०१८ मध्ये म्युनिकच्या एका गटाने १२,५७१ जणांवर, आराखडा आधीच नोंदवून, नव्याने चाचणी घेतली. सुखद चित्र दिसणार की नकोसं हे अणूंच्या पातळीवरच्या योगायोगावर चालणारं क्वांटम यंत्र ठरवत होतं. निष्कर्ष परिणाम नसल्याच्या बाजूने स्पष्टपणे झुकला. आणि पुन्हा, काळानुसार होणारे चढ-उतार आकड्यांत दिसतात का, याचा शोध तिथेही सुरू झालाच.

या सगळ्या काळात चमच्याची दुनिया वेगळीच चालली होती. १९७३ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर चमचे वाकवणाऱ्या प्रसिद्ध कलाकाराला कार्यक्रमाच्या लोकांनी स्वतः आणलेल्या वस्तू दिल्या, त्याला किंवा त्याच्या माणसांना आधी हात लावू दिला नाही. वीसेक मिनिटं काहीच घडलं नाही. १९८१ मध्ये दुसरा एक जण टेलिफोन डिरेक्टरीची पानं नजरेने उलटत असे. परीक्षकाने पुस्तकाभोवती थर्मोकोलचे बारीक तुकडे पसरले. फुंकर मारली तर पानाआधी तेच उडणार. पान जागचं हललं नाही, आणि पुढे त्या माणसाने युक्ती असल्याची कबुलीही दिली. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये तर पाच लाख डॉलरच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत, संशोधकांना युक्ती ओळखता येते का हे पाहायला, दोन तरुण जादूगार मुद्दाम पाठवले गेले होते. संशोधकांना त्यांच्यात खरी शक्ती दिसत होती. १९८३ मध्ये पत्रकार परिषद घेऊन सत्य सांगितलं गेलं. कोणती काळजी घ्यावी याची यादी त्या संशोधकांना अगदी सुरुवातीलाच पत्राने कळवलेली होती, हे या प्रकरणातलं सर्वांत बोलकं कलम.

मेंदूत वीज असते, मग ती बाहेर काम का करणार नाही, असं अनेकदा विचारलं जातं. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा विद्युत संकेत व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. ते मोजायलाच खास कवच असलेली खोली लागते. त्याने कागद ढकलला जाण्याचा कोणताही ज्ञात मार्ग नाही.

स्वतः करून बघणाऱ्यांचा आवडता प्रयोग म्हणजे कागदी चक्र. आठ सेंटीमीटरचा चौकोनी कागद दोन्ही कर्णांवर दुमडून छत्रीसारखा करायचा, खोडरबरात उभ्या रोवलेल्या सुईवर ठेवायचा, दोन्ही हात कोंडाळ्यासारखे जवळ धरायचे. चक्र फिरतं. खरंच फिरतं आणि पहिल्यांदा पाहताना छाती धडधडते, म्हणून त्या अनुभवाला कोणी हसू नये. तळहात खोलीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम असतात. गरम हवा वर चढते, तिच्या जागी बाजूची हवा आत येते आणि एवढ्या हलक्या कागदाला तेवढा झोत भरपूर होतो. हातांऐवजी कोमट पाण्याचे दोन पेले ठेवून आपण शेजारच्या खोलीत जाऊन बसावं आणि मोबाइलवर चित्रण करावं. चक्र तरीही फिरेल.

मग त्यावर काचेची बरणी पालथी घालावी. प्लास्टिकची नको, कारण ती पुसताना तिच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि कागद ओढला जातो. काचही नुकतीच घासलेली नसावी. जवळ दिवा किंवा ऊन नको, नाहीतर बरणीच्या आतच हवा फिरू लागते. झाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं हवा शांत होऊ द्यावी आणि हातभर लांब बसावं.

आता नियम, आणि तो सुरू करण्याआधी कागदावर लिहून. दहा मिनिटांचं एक सत्र. नाणं उडवून ठरवायचं : छापा आला तर चक्र फिरावं असं मनात धरायचं, काटा आला तर तिथेच बसून पुस्तक वाचायचं. दोन्ही प्रकारच्या सत्रांचं सारखंच चित्रण करायचं. कॅमेऱ्यात फक्त बरणी दिसेल, आपण नाही. नाण्याचा निकाल चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात. कागद नुसता थरथरला तर ते धरायचं नाही, निदान पाव फेरा झाला तरच ‘फिरलं’ म्हणायचं.

ज्यांना यंत्राचा प्रकार करून बघायचा आहे त्यांनी नाणं १०० वेळा उडवून छाप्याची इच्छा धरावी. ६० किंवा त्याहून जास्त छापे नुसत्या योगायोगाने शंभरात तीनेक वेळा येतात. म्हणून ६० आले तर लगेच नवे १०० घ्यायचे, आणि ते पहिल्यांत न मिळवता वेगळे मोजायचे.

बरणीची चित्रणं क्रमांक घालून अशा मित्राकडे द्यावीत ज्याला कोणत्या सत्रात काय ठरलं होतं याची कल्पना नाही. त्याने प्रत्येक क्रमांकापुढे ‘फिरलं’ किंवा ‘नाही’ लिहून सही करावी. पाकिटं त्यानंतर फोडावीत.