पाठच्या भावाचे नाव: जुन्या जोड्यांमागची परंपरा

मराठी माणसाच्या पूर्ण नावात तीन शब्द असतात. सख्ख्या भावांच्या नावांतले दोन सारखेच: वडिलांचे नाव आणि आडनाव. वेगळा असतो तो पहिला शब्द. शाळेचा हजेरीपट, रेशन कार्ड, चाळीच्या जिन्याखालची टपालाची पेटी, सगळीकडे एका भावाला दुसऱ्यापासून ओळखायचे काम हा एकच शब्द करतो. थोरला अनंत आणि धाकटा अच्युत असला, तर आद्याक्षरे लिहिताना दोघेही ‘अ. वि. जोशी’ होतात. म्हणून धाकट्याचे नाव शोधताना पहिला प्रश्न अर्थाचा नसतो. थोरल्याच्या नावाशेजारी ते कानाला आणि कागदावर कसे वेगळे पडते, हे आधी पाहावे लागते. जुन्या घरांनी यावर काढलेली उत्तरे आजही कामाला येतात.

सर्वांत जुनी रीत आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची. छत्रपती राजाराम महाराजांच्या एका मुलाचे नाव आजोबांवरून शिवाजी आणि दुसऱ्याचे चुलत्यावरून संभाजी. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावांचा थोरला मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. या रिवाजामुळे घरात एक अडचण उभी राहायची. सून सासऱ्याचे नाव तोंडाने घेत नसे, मग तेच नाव असलेल्या स्वतःच्या मुलाला ती हाक कशी मारणार? नाना, अण्णा, तात्या, बाळ, भाऊ या घरगुती नावांचा इतका सुकाळ झाला, त्यामागे हेही एक कारण आहे. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. घरातले ‘बाळ’ तेवढे टिकले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला 1975 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. त्यांचे खरे नाव रामकृष्ण आणि डॉक्टर असलेल्या धाकट्या भावाचे नारायण. दोन्ही नावे विष्णूची, पण एकाचा दुसऱ्याशी घोटाळा होणे शक्य नाही.

जुन्या जोड्यांचे मर्म इथे आहे: अर्थाचे घर एक, आवाज वेगळे. चापेकर बंधू दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव: तिन्ही कृष्णाची नावे, तिन्हींची सुरुवात वेगळ्या अक्षराने. सावरकर बंधूंत गणेश आणि विनायक ही दोन्ही गणपतीची नावे, धाकटा नारायण. महर्षी कर्व्यांच्या मुलांत दिनकर आणि भास्कर: दोघेही सूर्य, पण ऐकताना एकाही अक्षरावर गल्लत नाही, शेवटचा ‘कर’ तेवढा दोघांना बांधून ठेवतो. यापेक्षा नेटकी जोडी शोधूनही सापडणार नाही.

अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली ती संध्येतल्या केशवादी चोवीस नावांतून. केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, पुढे अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अच्युत, जनार्दन. बारशाला महिन्यावरून ठेवायचे मासनाम असते, त्याही बारा नावांत कृष्ण, अनंत, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, वासुदेव, हरी आहेत. थोरल्याचे नाव यातले असेल तर धाकट्यासाठी दूर जायची गरज नाही. फक्त शेजारशेजारची सारख्या आवाजाची नावे टाळावीत. केशव आणि माधव वाचायला गोड आहेत, पण दोन्ही तीन अक्षरी आणि दोन्हींचा शेवट ‘व’ने. लांबून हाक आली की नावाचा शेवट आणि स्वर तेवढे कानावर पडतात. केशवला माधवपेक्षा श्रीधर किंवा दामोदर बरा.

अक्षरसंख्येचा विचारही जुनाच. घरातल्या संस्कारांचे नियम देणारा पारस्कर गृह्यसूत्र हा प्राचीन ग्रंथ सांगतो, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, सुरुवात घोषवर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या नादयुक्त अक्षराने व्हावी आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे अक्षर यावे. जनार्दन या मोजमापात बसतो. केशव, माधव, गोविंद ही सर्वांत लाडकी नावे मात्र तीन अक्षरी, म्हणजे नियम होता तरी लोकांनी तो कधीच कडक पाळला नाही. आजच्या आईवडिलांनीही त्याचे ओझे घेऊ नये.

सगळीच जुनी नावे देवादिकांची नव्हती. आधीची मुले दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे पाहू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी अशी नावे ठेवत. महर्षी कर्वे स्वतः धोंडो आणि त्यांचे थोरले भाऊ भिकाजी. आज ही नावे कोणी ठेवत नाही, पण त्यांना हसण्याआधी त्यांच्यामागची भीती आठवावी. वारकरी परंपरेने याच्या दुसऱ्या टोकाची नावे दिली: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. चार भावंडांच्या नावांत विरक्तीपासून मुक्तीपर्यंतची वाट आहे. एका घरातली नावे मिळून काही सांगू शकतात, याचे इतके सुंदर उदाहरण मराठीत दुसरे नाही.

कथेतल्या भावांची नावे घेताना हमखास होणारी चूक क्रमाची. थोरला कृष्ण आणि धाकटा बलराम असे होऊन चालत नाही, बलराम मोठा. अर्जुनाच्या पाठीवर भीम येत नाही. लव-कुश असे आपण एका दमात म्हणतो, पण कालिदासाच्या रघुवंशात कुश ज्येष्ठ आहे. कार्तिकेय महाराष्ट्रात गणपतीचा थोरला भाऊ मानतात, दक्षिणेत उलट. थोरल्याचे नाव विनायक ठेवलेल्या घरात धाकट्याला कार्तिक म्हटले, तर कोणी आजी बारशालाच बोट ठेवेल. सिद्धार्थ आणि राहुल ही जोडीही भावांची नाही, बापलेकांची.

बौद्ध परंपरेतली नावे मुंबईच्या घराघरांत पोहोचली त्यामागे बाबासाहेब आहेत. 1946 साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक ही नावे एका नव्या आत्मसन्मानाने ठेवली जाऊ लागली. आज तीही अभिजातच आहेत. भावांसाठी आनंद आणि अनिरुद्ध ही जोडी अर्थाने चोख, दोघेही बुद्धांचे चुलतभाऊ आणि शिष्य. अडचण एकच, आद्याक्षरे ‘आ’ आणि ‘अ’, आणि इंग्रजीत लिहिताना दोघांचा आरंभ त्याच ‘ए’ने.

विसाव्या शतकाच्या मध्यावर यमकाची आवड आली. सुरेश-रमेश, अजय-विजय, नीलेश-शैलेश. बारशाच्या दिवशी कौतुक होते आणि पुढे जन्मभर एकाचे निरोप दुसऱ्याला जातात. याच काळात यमकाला बळी न पडलेल्या नावांचे मुंबईतले ठळक उदाहरण तेंडुलकरांच्या घरचे: नितीन, अजित, सचिन. तिन्ही तीन अक्षरी, तिघांचे पहिले अक्षर वेगळे. लय एक ठेवून अक्षरे वेगळी घेण्याची ही युक्ती जुन्या नावांनाही लागू पडते: गोविंद आणि श्रीधर, जनार्दन आणि पद्मनाभ.

मग येते पत्रिकेचे अक्षर. 27 नक्षत्रे, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणजे 108 अक्षरे. यांतली काही अक्षरे वापरताच येत नाहीत. हस्ताची अक्षरे पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळाला ‘ण’वरून नाव कुठून आणायचे? आर्द्रेत ङ आहे, उत्तराभाद्रपदेत ञ. अशा वेळी त्याच राशीतले दुसरे अक्षर घेतात. हस्त कन्येत, तिथे ‘प’ मिळतो, म्हणून पद्मनाभ, पुरुषोत्तम. आर्द्रा मिथुनेत, तिथे ‘के’ आहे, म्हणून केशव. उत्तराभाद्रपदा मीनेत, ‘दे’वरून देवदत्त. आणि हेही जमत नसेल तर नक्षत्रनाम पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारातले नाव मोकळेपणाने निवडावे. परंपरेने ही सोय आधीच केलेली आहे: देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावे बारशाला तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहितात, आणि आत्या बाळाच्या कानात सांगते ती यांतलीच.

नाव ठरवण्याआधी एक चाचणी जरूर करावी. पोरे एकमेकांना पूर्ण नावाने हाक मारत नाहीत. विनायकचा विन्या होतो आणि विनयचाही विन्याच. मनोहर आणि मनीष दोघेही मन्या. अनंतचा अंत्या, वासुदेवचा वास्या, दामोदरचा दाम्या. थोरल्याचे आणि धाकट्याचे नाव असे ‘-या’ लावून गॅलरीच्या टोकावरून दोनदा मोठ्याने उच्चारावे. एका हाकेला दोघेही वळतील असे वाटले, तर नाव कितीही गोड असले तरी सोडावे.

शेवटी कागद. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, म्हणजे बाराव्या दिवशीचे बारसे त्यात आरामात बसते. नावाशिवायही नोंद होते. नोंदणीपासून 12 महिन्यांत महापालिकेच्या विभाग कार्यालयात विनाशुल्क नाव घालता येते, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच पुरावा आहे, तेव्हा रकाना रिकामा ठेवून उगाच लांबवू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचे नाव सरकारी कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने येते. थोरला त्याआधीचा असेल तर त्याचे नाव तीन शब्दांचे आणि धाकट्याचे चार शब्दांचे होणार. पुरुषोत्तमसारखे लांब नाव निवडताना चार शब्द फॉर्मच्या रकान्यात मावतील का, हे आधी लिहून पाहावे.

वर्तनीही तेव्हाच पक्की करावी. हृषीकेश म्हणजे हृषीकांचा, इंद्रियांचा ईश. ‘ऋषिकेश’ लिहिले की ते गंगेकाठचे गाव होते. अनिरुद्धमधला ‘रु’ ऱ्हस्व. आडनाव मात्र थोरल्याच्या दाखल्यावरून अक्षर न अक्षर उतरवावे, इंग्रजीतही. एकाचा पाटील एका ‘आय’ने आणि दुसऱ्याचा दोन ‘ई’ने लिहिला गेला, की हे सख्खे भाऊ आहेत हे सिद्ध करायला पुढे प्रतिज्ञापत्र लागते. सही करण्यापूर्वी थोरल्याचा दाखला शेजारी ठेवून मसुदा वाचावा.