लीड प्रमाणपत्र: बांधकामाच्या राडारोड्याचा हिशेब आणि कागदपत्रे

लीड म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना गुणांवरून मिळणारे प्रमाणपत्र. त्याच्या चौथ्या आवृत्तीत नवीन बांधकामाला अट अशी: जागा कायमस्वरूपी हवी आणि क्षेत्रफळ किमान 93 चौरस मीटर. राडारोड्याचा व्यवस्थापन आराखडा सगळ्यांनाच सक्तीचा आहे, त्याला गुण नाहीत. त्यात किमान पाच वस्तूंची नावे, अंदाजी प्रमाण आणि त्या कुठे जाणार हे लिहायचे. हा आराखडा काम सुरू होण्याआधी करा. शेवटी मागच्या तारखा टाकून रचलेला आराखडा पावत्यांशी जुळत नाही.

गुण असे: 50 टक्के राडारोडा क्षेपणभूमीवर न जाता पुनर्वापराच्या किंवा पुनर्प्रक्रियेच्या मार्गी लागला आणि त्यात वस्तूंचे तीन प्रकार असतील तर 1, 75 टक्के आणि चार प्रकार असतील तर 2.

समजा, काँक्रीट-विटांचा राडा 180 टन, स्टील 22, लाकूड 9, पुठ्ठा 5 आणि क्षेपणभूमीवर 34 टन गेला. एकूण 250, मार्गी लागलेला 216, म्हणजे 86.4 टक्के. गुण 2. आता लाकूड भंगारवाल्याला पावतीशिवाय दिले असे धरा. टक्केवारी 82.8 वर येते, ती अजूनही भरपूर आहे. पण प्रकार तीनच उरतात आणि एक गुण जातो. टक्क्यांपेक्षा प्रकारांवर लक्ष ठेवा ते यासाठी.

खोदकामाची माती आणि झाडेझुडपे हिशेबात धरायची नाहीत. क्षेपणभूमीवर रोजचा थर झाकायला वापरलेला राडाही मार्गी लागलेला ठरत नाही. मिश्र डंपर पाठवला, तर प्रक्रिया केंद्राने वस्तुनिहाय आकडे दिल्याशिवाय तो एकच प्रकार.

सर्वाधिक घोळ एककांचा. राडा ब्रासमध्ये, स्टील किलोत, आणि बेरीज एकाच रकान्यात! वजन किंवा घनफळ, एकच निवडा. ब्रासच्या नोंदी असतील तर दोन-तीन डंपर भरलेले आणि रिकामे काट्यावर घालून एका ब्रासचे सरासरी वजन काढा (1 ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर).

दुसरा मार्गही आहे: एकूण राडारोडा दर चौरस मीटरला 12.2 किलोच्या आत ठेवला तर थेट 2 गुण. यात भंगारात विकलेलेही धरले जाते. 20,000 चौरस मीटरच्या इमारतीला मर्यादा 244 टन. वरचे उदाहरण 6 टनांनी हुकते.

सोबत जोडायचे: आराखडा, तारीखवार नोंदवही, काटा पावत्या, केंद्राचे किंवा भंगारवाल्याचे पत्र, आणि साइटवरच भरावाला वापरलेल्या राड्याचे फोटो व मोजमाप.