रेल्वे देखभाल कामगारांचे श्वसनारोग्य (मराठवाडा)

रूळ, खडी, डबे आणि इंजिने यांची निगा राखणाऱ्या कामगारांच्या छातीत कामाच्या जागी जाणारी धूळ व धूर, आणि त्यांतून होणारे फुप्फुसांचे विकार, हा या नोंदीचा विषय. मराठवाड्यातले बहुतेक लोहमार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात (स्थापना २००३) येतात. लातूर-धाराशिवचा पट्टा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे आहे.

धुराची चर्चा पुष्कळ होते, धुळीची कमी. रुळांखालची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. गाड्यांच्या दणक्यांनी ती झिजते, तिच्यात माती भरते आणि पाणी निचरेनासे होते. म्हणून ती ठरावीक वर्षांनी उकरून चाळावी लागते. यंत्रे आली, तरी फाटे, पूल आणि अडचणीच्या जागी हे काम हातानेच होते. ब्लॉक (गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ) मिळाला की गँग, म्हणजे रूळ राखणाऱ्या कामगारांची टोळी, दोन स्लीपरमधली खडी ओढून चाळणीवर टाकते. चाळणीखाली पिठासारखी राखाडी भुकटी साचते आणि एप्रिल-मेच्या वाऱ्यात ती थेट तोंडावर येते. गँगमन रुमाल किंवा उपरणे बांधतात. त्याने मोठे कण अडतात. सुमारे ४ मायक्रॉनखालचे, वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण अडत नाहीत.

धूळ कोणत्या दगडाची, यावर पुष्कळ अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगरपासून परभणीपर्यंत काळा बेसाल्ट आहे. त्यात मुक्त स्फटिकी सिलिका फार थोडी असते. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो आणि ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिकाच, भरपूर. सिलिकोसिसचा (सिलिकेच्या धुळीने फुप्फुसांत व्रण पडून ती कडक होण्याच्या रोगाचा) धोका त्यामुळे खडी कोणत्या खाणीतून आली यावर ठरतो. पण बेसाल्टची धूळ निरुपद्रवी असेही नाही, जुनाट खोकला आणि श्वासनलिकादाह तिनेही होतो. सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोग लवकर गाठतो. परळीला औष्णिक वीजकेंद्राच्या कोळशाची भर पडते : वाघिणींतून सांडलेली भुकटी खडीत मुरते आणि चाळणीच्या वेळी पुन्हा उडते.

पिट लाइनवर (खालून डबे तपासण्यासाठी रुळांमध्ये खड्डा असलेल्या मार्गावर) आणि यार्डात प्रश्न डिझेलच्या धुराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये तो मानवी कर्करोगकारक ठरवला. अमेरिकेतील सुमारे ५५,००० रेल्वे कामगारांच्या १९५९ ते १९९६ या काळातील पाहणीत, गाड्या चालवण्याशी निगडित कामे करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के अधिक आढळले. विद्युतीकरणाने इंजिनांचा धूर घटतो. जनरेटर डबे, डिझेलवर चालणारी देखभाल यंत्रे आणि रूळ जोडण्याच्या थर्मिट वेल्डिंगचा (रासायनिक उष्णतेने धातू वितळवून केलेल्या जोडणीचा) धूर मात्र उरतो. त्यावर विडीची भर पडली की नुकसान वाढते, शिवाय दोष सगळा विडीवर ढकलायला सोय होते.

रेल्वेत नियतकालिक वैद्यकीय तपासणी होते, पण तिचे ए-१, ए-२ असे प्रवर्ग मुख्यतः नजरेवर बेतलेले आहेत. सिग्नल दिसतो की नाही हे सुरक्षेला लागते, म्हणून ते रास्तच. फुप्फुसाची क्षमता मात्र स्पायरोमेट्रीशिवाय (यंत्रात फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीशिवाय) कळत नाही, आणि धाप लागेपर्यंत बरीचशी गेलेली असते. एकदा भरती होताना आणि पुढे दर काही वर्षांनी फुंकून घेतले, तर आकड्यांची घसरण आधीच दिसते. कंत्राटी मजुरांचे काम ठेक्यागणिक बदलते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा सलग हिशेब राहणे सर्वांत कठीण.

कायद्याची बाजूही लंगडी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग होता. त्याच अधिनियमाने रेल्वेचे रनिंग शेड (इंजिने ठेवण्याची व त्यांची निगा राखण्याची जागा) कारखान्याच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले, आणि उघड्या रुळावरची गँग त्या व्याख्येत बसण्याचा प्रश्नच नव्हता.